कायम न केलेला पत्ता

लालबागला आमच्या चाळीत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. बारसं असो, साखरपुडा असो, मंडळाची बैठक असो, मी दिसलो की कुणीतरी ती काढतंच. ऑफिसात माझ्या हाताखालच्या माणसाकडून मोठी चूक झाली. त्याची नोकरी कायम व्हायची होती. मी साहेबासमोर जाऊन म्हणालो, चूक माझी आहे. त्याची नोकरी वाचली, माझी बढती गेली. सांगणारा इथे थांबतो आणि माझ्याकडे बघतो. मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

या गोष्टीतली पुढची सगळी वाक्यं खरी आहेत. पहिलं खोटं आहे. त्याच्याकडून चूक झालीच नव्हती. मी साहेबाला जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, आणि ते कुणालाच खरं वाटलं नाही. न वाटू देण्यात माझा हात होता. त्याबद्दल लिहायचं आहे.

तो वरळी कोळीवाड्यातला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. आमची ओळख गिरणीतली. मी इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होतो आणि कायम होतो. तो बदली होता. बदली म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. कायम माणूस आजारी पडला, गावी गेला, लग्नकार्यात अडकला, की त्या दिवसापुरता त्याच्या जागी जो उभा राहायचा तो बदली. सकाळी गेटवर येऊन थांबायचं, जागा रिकामी असली तर आत, नाहीतर घरी. कायम माणसांची नावं मस्टरवर शाईने लिहिलेली असत. बदलीचं नाव त्या दिवसाच्या चिठ्ठीवर. पाळी संपली की चिठ्ठीही संपली.

गणपतीत बदल्यांना काम भरपूर, कारण आम्ही निम्मे लोक तळकोकणात पळालेले असायचो. जाताना मी त्याला एवढंच सांगायचो, "आता मोटरी तुझ्या." तो म्हणायचा, "दादा, येताना खाजं आणा." काम सोपवणं म्हणजे एवढंच. मी परत आलो की तो बाजूला व्हायचा आणि मोटरी पुन्हा माझ्या. एका यंत्राला एका वेळी एक माणूस, आणि परतणाऱ्याची जागा तशीच राखलेली. हे माझ्या डोक्यात इतकं मुरलं होतं की ती एक पद्धत आहे, दुसरीही असू शकते, हे मला कधी सुचलंच नाही.

त्याला कायम करायचं घाटत होतं तेवढ्यात संप झाला. संपाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्यापुरतं सांगायचं तर मी दादर-माटुंग्याच्या इमारतींतून वायरिंगची कामं धरली, आणि तो कधी काकाच्या बोटीवर, कधी बायकोच्या टोपल्या उचलून दादरच्या मासळी बाजारात. बायकोच्या मागे टोपली घेऊन चालतो म्हणून लोक हसायचे. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला लागलेली गोष्ट वेगळी होती. एकदा म्हणाला, "दादा, तुमी गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तरी गिरणी कामगार. मी कोण? माझं नाव कुठंच लिवलेलं नाय."

वायरिंगमधून मी टेलिफोनच्या केबलींकडे गेलो आणि तिथून कॉम्प्युटरच्या. केबल ओढणाऱ्याला हळूहळू केबल कशात जाते तेही कळायला लागतं. त्यालाही बरोबर घेतलं. संपाला वीसेक वर्षं झाली असतील तेव्हा परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली आणि परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायला मला ठेवलं. तो कंत्राटावर आला. कंत्राटातल्या काही माणसांना दिवाळीनंतर कायम करणार होते. त्याचं नाव त्यात जाईल असं साहेबांनी मला सांगितलं होतं आणि मी ते त्याला सांगून बसलो होतो. चाळिशी ओलांडलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी कायम होणार होता. त्याच्या बायकोने बाजारात अर्ध्या दादरला सांगून ठेवलं होतं.

आता थोडं यंत्राचं. प्रत्येक मजल्यावर एका कपाटात स्विच नावाची पेटी असते. मजल्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा तिच्यात येतात. ही पेटी मुकी नसते. तार निघाली, पंखा बंद पडला, आत गरम होतंय, असे निरोप ती सतत देत असते. पण ते कुणाला द्यायचे हे आपण सांगावं लागतं. नाहीतर ती स्वतःच्याच आठवणीत थोडेफार ठेवते आणि वीज गेली की विसरते. म्हणून तिला एका कॉम्प्युटरचा पत्ता द्यायचा: निरोप इथे पाठव. आमच्याकडे तो पत्ता माझ्या टेबलावरच्या मशीनचा होता. माझ्या स्क्रीनवर एका विंडोत ते ओळीने सरकत राहायचे. विंडो बंद असताना आलेला निरोप मात्र हरवायचा.

आणखी एक गोष्ट कळली की सगळं कळेल. स्विचला तुम्ही हुकूम दिला की तो लगेच लागू होतो, पण टिकत नाही. टिकवायचा असेल तर आणखी एक हुकूम द्यावा लागतो, "हे लिहून ठेव" असा. तो दिला नाही आणि स्विच बंद होऊन सुरू झाला, तर त्याला आधी लिहून ठेवलेलंच आठवतं.

त्या वर्षी गणपतीला गावी निघण्याआधी मी प्रत्येक मजल्याच्या स्विचमधला माझा पत्ता काढला आणि त्याच्या मशीनचा घातला. दोन्ही पत्ते एकदम देता येतात हे मला ठाऊक होतं. पण मी नसताना माझ्या मशीनवर निरोप कशाला? काम त्याचं, निरोप त्याला. आणि लिहून ठेवायचा हुकूम दिला नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम दिला नाही. आठवड्याभराची व्यवस्था, ती पक्क्या आठवणीत कशाला लिहायची? बदलीचं नाव कोणी मस्टरवर चढवतं का? हा विचार मी शब्दांत केला नसेन, पण हाताने केला. बोट त्या हुकुमापाशी गेलं आणि मागे आलं, हे मला अजून आठवतं.

"आता पेट्या तुझ्या," मी त्याला म्हटलं.

"जावा दादा, निर्धास्त जावा. खाजं इसरू नका."

मी गावाहून आलो तेव्हा तो इमारतीच्या गेटवर उभा होता. दाढी वाढलेली. मी पिशवीतून खाजं काढायला लागलो तर म्हणाला, "नको दादा. आधी ऐका." चौथ्या मजल्याच्या स्विचचा पंखा बंद पडला होता, पेटी तापत गेली आणि शेवटी बसली. मजल्यावरचे सगळे फोन अर्धा दिवस मुके. मोठं गिऱ्हाईक चिडलं होतं आणि चौकशी सुरू झाली होती.

"निरोप आला असेल की," मी म्हणालो.

"आला असंल. मी बघितला नाय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "गौरीच्या दिवशी दुपारी घरी गेलतो. नैवेद्याला. विंडो बंद करून गेलो. येऊन परत उघडली तर बाकीच्या मजल्यांचे निरोप होते, चौथ्याचा नव्हता. म्हणजे मी नव्हतो तेव्हाच आला नि गेला. माझ्या हातून झालं, दादा."

त्याच्या घरी गौर मोठी असते. तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो, घरच्या कर्त्या पुरुषाने तो दाखवायचा असतो. तो जेमतेम जेवणाच्या सुट्टीएवढा वेळ बाहेर होता आणि सांगून गेला होता.

मी म्हणालो, "बघतो." वर गेलो, केबिन उघडली. माझं मशीन मी जाताना बंद केलं नव्हतं, नुसता स्क्रीन बंद होता. तो लावला. विंडोत चौथ्या मजल्याचे निरोप एकाखाली एक होते. पंखा बंद. तापमान वाढलंय. तापमान फार वाढलंय. तोच तो निरोप पुन्हा पुन्हा, मग थांबला. त्याच्या आधी, सगळ्यांत वर, एक साधी ओळ: स्विच सुरू झाला.

ती ओळ वाचली आणि मी खुर्चीत बसलो. गौरीच्या आदल्या दिवशी वीज गेली तर लागणाऱ्या बॅटऱ्या बदलणारी माणसं येणार होती हे मला माहीत होतं. त्यांनी चौथ्या मजल्याच्या कपाटाची वीज काढून परत दिली असणार. फक्त त्याच कपाटाची. स्विच उठला तेव्हा त्याला मी लिहून ठेवलेला पत्ता आठवला, माझा. बाकीचे स्विच बदलीला निरोप देत राहिले, म्हणून त्याला संशय यायचं कारणच नव्हतं. तो विंडोसमोर दिवसभर डोळे फाडून बसला असता, तरी तो निरोप त्याला दिसला नसता.

मी तसाच साहेबांकडे गेलो. साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, सभ्य, मला काका म्हणायचे.

"साहेब, चौथ्या मजल्याची चूक माझी आहे. निरोपाचा पत्ता मी नीट लावून गेलो नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. "काका, मला कळतं तुम्ही काय करताय."

"नाही साहेब, खरंच. पत्ता मी बदलला, पण—"

"तो स्वतः येऊन कबूल करून गेलाय काल. विंडो बंद केली होती म्हणाला. गिरणीतली माणसं तुम्ही. एकमेकांना सोडायचे नाही. माझे वडीलही तसेच होते." जरा थांबून म्हणाले, "ठीक आहे. जबाबदारी तुमची असं लिहितो. त्याचं कायम व्हायचं थांबणार नाही. पण तुमची बढती मला या वर्षी देता येणार नाही. चालेल?"

"चला, माझं मशीन दाखवतो," एवढं म्हणायचं होतं. तीस पावलांवर केबिन होती. मी म्हणालो, "चालेल."

का म्हणालो, याची उत्तरं मी पुष्कळ वर्षं स्वतःला दिली. त्याची नोकरी वाचली, मग आणखी काय हवं? शिक्षा तर मी घेतलीच. हे सगळं बरोबर आहे. पण साहेब ज्या नजरेने माझ्याकडे बघत होते तशा नजरेने त्याआधी माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं, हेही बरोबर आहे. मशीन दाखवलं असतं तर मी हुकूम द्यायला चुकलेला नेटवर्कवाला झालो असतो. न दाखवता मी कोणीतरी मोठा झालो होतो.

संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको चाळीत आले. तिने पापलेटं आणली होती. तो माझ्या पाया पडायला वाकला.

"अरे ऊठ. चूक खरंच माझी होती."

"हां हां," बायको म्हणाली, "देवमाणसं असंच बोलतात."

शेजारी दारात जमले होते. मी पुढे काही बोललो नाही. मशीनवरचे जुने निरोप नवे आले की आपोआप पुसले जायचे, तसे तेही पुसले गेले. नंतर मी सगळ्या स्विचमध्ये दोन पत्ते घातले आणि लिहून ठेवायचा हुकूम दिला. त्याला सांगितलं, "आता दोघांकडे येतील." त्याला वाटलं, त्याच्यावर नजर ठेवायला ते केलं. तसं तो बोलला नाही, पण मला दिसलं.

दिवाळीनंतर तो कायम झाला. पेढे वाटले. त्याच्या बायकोने बाजारात दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केली नाही, म्हणे. इथवर सगळं चांगलंच झालं असं कोणीही म्हणेल. पण त्या दिवसापासून तो जागेवरून उठेनासा झाला. डबा स्क्रीनसमोर. चहा स्क्रीनसमोर. सुट्टीच्या दिवशीही फोन करून विचारायचा, "दादा, सगळं ठीक ना?" आणि गौरीच्या दुपारी तो पुन्हा कधी घरी गेला नाही. नैवेद्य धाकटा भाऊ दाखवायला लागला. एकदा त्यांच्याकडे गेलो असताना बायको हसत म्हणाली, "यांची गौर त्या पेटीत बसते. आमचीला कोण इचारतंय?" तो ताटावरून म्हणाला, "एकदा गेलतो ना? दादांची बढती खाऊन आलो."

सगळे हसले. मीही.

आम्ही दोघे निवृत्त झालो. माझी पत्नी गेली. तो महिन्यातून एकदा मासळी घेऊन यायचा, बसायचा. मागच्या वर्षी गणपतीत मंडळाने माझा सत्कार ठेवला आणि गोष्ट सांगायला त्यालाच उभं केलं. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "मी तसा बेफिकीर माणूस. दादांमुळं माणसात राहिलो." त्याच्या नाती पुढच्या रांगेत बसल्या होत्या. आपला आजा बेफिकीर होता, हे त्या त्याच्याच तोंडून ऐकत होत्या. इतका काळजीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर मी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन एक जुना स्विच विकत घेतला. नुसतं सांगून भागणार नव्हतं. सांगून मी एकदा बघितलं होतं. पेटी पिशवीत घालून, लॅपटॉप घेऊन त्याच्या घरी गेलो. सांगितलं तर अपेक्षेप्रमाणे झालं.

"दादा, आता म्हातारपणी पण मला वाचवताय?"

"तुझ्या मुलीचा लॅपटॉप आण. आणि ही वायर लाव."

स्विच सुरू झाला तसा त्याचा पंखा घोंघावायला लागला. बायको आतून ओरडली, "इमान उतरवलंव काय घरात?" पदराला हात पुसत तीही येऊन बसली.

स्विचमध्ये माझ्या लॅपटॉपचा पत्ता आधीच घालून, लिहून ठेवून आणला होता. त्याच्या देखत तो काढला आणि त्याच्या लॅपटॉपचा घातला. लिहून ठेवायचा हुकूम दिला नाही. "बघितलंस? मी त्या वेळी असाच गेलो." मग त्याला चाचणीपुरती जोडलेली तिसरी तार उपटायला सांगितली. त्याच्या स्क्रीनवर ओळ आली: तार निघाली. माझ्याकडे काही नाही.

"आता वीज काढ आणि परत दे."

त्याने प्लग काढला, लावला. पेटी उठायला वेळ घेत होती. बायकोने चहा आणला. दिवे हिरवे झाले.

"आता पुन्हा तार काढ."

त्याने काढली. आपल्या स्क्रीनकडे बघत राहिला. लावली, पुन्हा काढली. स्क्रीन तसाच. तेवढ्यात माझ्या बाजूला बसलेली त्याची बायको म्हणाली, "अवं, सगला हिकडं येतंय."

तो उठून माझ्या मागे आला. ओळी वाचल्या. सगळ्यांत वरची, स्विच सुरू झाल्याची, दोनदा वाचली. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस.

"चौथ्या मजल्याचे निरोप तुमच्याकडं होते," तो म्हणाला.

"हो."

"तुमी बघितलेत."

"त्याच दिवशी. तू गेटवर भेटलास, त्यानंतर."

"मग मला वर बोलवून दाखवलं का नाय? मी गेटवरच हुतो."

मी तयारी करून गेलो होतो, पण नोकरी, बढती, शिक्षा यातलं काही तोंडातून निघेना. "लोक चांगलं म्हणायला लागले होते," मी म्हणालो.

त्याने स्विच बंद केला. पंख्याचा आवाज थांबला. बायको त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. "एवढ्या गौरी," ती म्हणाली. "हा माणूस तिकडं डबा खात बसला." मग कप उचलून आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मी म्हटलं, मंडळात सगळ्यांसमोर सांगतो. तो हसला, चांगलं नाही हसला. "सांगा. म्हणतील, बघा किती मोठं मन. तुमचं तोंड आता देवमाणसाचं झालंय, दादा. त्या तोंडातून काय पण निघालं तरी लोक पायाच पडणार." जिन्यापर्यंत आला नाही. दारातून म्हणाला, "लिवून काढा. सगळं, पत्त्यासकट. माझ्या नातींना वाचता येईल असं."

तरी मी मंडळात सांगितलं. तो म्हणाला तसंच झालं. अध्यक्षांनी डोळे पुसले.

म्हणून हे लिहिलं. मासळी आता येत नाही आणि मी विचारतही नाही. लिहून झाल्यावर कागद त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने चष्मा लावून सगळे वाचले, यंत्राच्या भागात एक दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. मग एका जागी बोट ठेवलं. मी तिथे "तो बिचारा" असं लिहिलं होतं.

"हा शब्द काढा."

"का रे?"

"बिचारा कशाला? मी चांगला कामगार होतो. तेवढं लिवा."

तो शब्द काढला आहे. तो चांगला कामगार होता.